लेबल वाचण्याआधी

रोज रात्री नऊला गोळी का घ्यायची, या प्रश्नाची एचआयव्ही असलेल्या मुलांच्या घरांत काही ठरलेली उत्तरे असतात. तुझ्या अंगात रक्त कमी आहे. लहानपणी तुला न्यूमोनिया झाला होता. ही ताकदीची गोळी आहे. हृदयाला बारीक छिद्र आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. आईला, आजीला किंवा मामीला त्या क्षणी जे सुचते ते एकदा सांगितले जाते आणि पुढे वर्षानुवर्षे तेच चालू राहते. मूल पाच वर्षांचे असते तोवर हे उत्तर पुरते. आठव्या-नवव्या वर्षी त्याच मुलाच्या लक्षात येऊ लागते की वर्गातल्या दुसऱ्या कुणालाच रोज ताकदीची गोळी लागत नाही, रक्त कमी असलेल्या आत्याच्या गोळ्या तीन महिन्यांत बंद झाल्या, आणि आपल्याला जिथे नेतात त्या दवाखान्याच्या भिंतीवर लाल रिबिनीचे चित्र आहे.

मग ते स्वतःच शोधू लागते. बाटलीवर डोल्युटेग्राव्हिर, लॅमिव्हुडिन अशी नावे असतात. ती मोबाइलमध्ये घातली की पुढच्या क्षणी उत्तर समोर येते. एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी सेंटरच्या पुस्तकावर, एसटीच्या सवलतीच्या पासाच्या कागदपत्रांत, निराधार योजनेच्या अर्जावर एचआयव्ही हा शब्द असतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एड्सचा परिच्छेद येतो आणि शिक्षक तो घाईघाईने वाचून संपवतात. आणि पुष्कळदा हा शब्द मुलाच्या कानावर पडतो तो भांडणात, शेतीच्या वाटणीवरून काका-काकू आईवर तोंड टाकतात तेव्हा. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्ही असलेल्या मुलांना शाळेत घेतले म्हणून गावातल्या पालकांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले होते. अशा वेळी मुलाला आपल्या आजाराचे नाव आणि लोकांचा तिरस्कार या दोन्ही गोष्टी एकदमच कळतात.

अशा रीतीने कळलेले मूल घरी बहुतेक वेळा काही बोलत नाही. आईला वाटते, याला अजून काही ठाऊक नाही. मुलाला वाटते, आपल्याला कळलंय हे समजले तर आई रडेल. समुपदेशकांना हे चित्र नवे नाही. चौदा वर्षांच्या मुलाला सांगायचे म्हणून पालक मोठ्या तयारीने येतात आणि मुलगा शांतपणे म्हणतो, "मला माहितीय, सहावीपासून." म्हणजे ही तीन वर्षे ते मूल त्या भीतीत एकटे होते.

या लेखाचा सगळा आग्रह एवढाच आहे: मुलाला त्याच्या आजाराचे नाव जवळच्या माणसाच्या तोंडून कळावे, त्याची सुरुवात लहान वयात व्हावी, आणि पौगंडावस्था सुरू होण्याआधी ते पूर्ण सांगून झालेले असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. शाळकरी वयाच्या, म्हणजे सहा ते बारा वर्षांच्या मुलांना एचआयव्ही असल्याचे सांगावे आणि त्याहून लहान मुलांना झेपेल तसे थोडे थोडे सांगत जावे, असे ती म्हणते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच अशी भूमिका घेतली होती. प्वेर्तो रिकोमध्ये पालक आणि मुलांची आधी तयारी करून घेऊन सांगण्याची एक पद्धत राबवली गेली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ८५ टक्के मुलांनी आणि ९७ टक्के पालकांनी, सांगितले गेले हे चांगलेच झाले, असे म्हटले. निम्म्याहून अधिक मुलांचे गोळ्या घेणेही सुधारले.

गोळ्यांचा मुद्दा इथे सर्वांत वजनाचा आहे. एचआयव्हीची औषधे आयुष्यभर, रोज घ्यायची असतात. ती मधेमधे चुकली की विषाणू वाढतो आणि बदलतो, त्या औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग पुढच्या, अधिक अवघड औषधांकडे जावे लागते. दहा वर्षांच्या मुलाला आई समोर बसवून गोळी देते. पंधराव्या वर्षी ते होत नाही. त्या वयात मुलगा धडधाकट असतो, कबड्डी खेळत असतो, त्याला काहीच दुखत नसते. ताकदीची गोळी घेऊन काय होतंय आणि न घेऊन काय होतंय, असा प्रश्न तो विचारतो, आणि त्याला जे सांगितले गेले आहे ते पाहता तो बरोबरच विचारतो. गोळी उशीखाली जाते, मोरीत जाते. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे प्रमाण, वाढलेला येतो आणि घरात आरडाओरडा होतो. खरे कारण ठाऊक नसलेल्या मुलाकडून आयुष्यभराची शिस्त मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

तरी पालक थांबतात, आणि त्यांची कारणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. पहिली भीती: मूल बाहेर बोलेल आणि घर गावातून उठेल. दुसरी: मुलाला धक्का बसेल, ते जिवाचे काही करून घेईल. तिसरी भीती उघड बोलली जात नाही, पण तीच सर्वांत खोल असते. मूल विचारेल, "मला हे कुणाकडून आलं?" आणि आईला उत्तर द्यावे लागेल. नवरा गेलेला, सासरहून बाहेर पडलेली, माहेरच्या पडवीत राहून मूल वाढवणारी बाई या प्रश्नापासून वर्षानुवर्षे पळते, यात नवल नाही. म्हणून मुलाला सांगण्याची तयारी बहुतेक घरांत आईशी बोलण्यापासून सुरू करावी लागते. तिने स्वतःच्या आजाराबद्दल कधी मोकळेपणाने रडून घेतलेले नसेल, तर मुलासमोर तिचा आवाज स्थिर राहणार नाही. समुपदेशकासमोर एकदा, घरी आरशासमोर एकदा ती वाक्ये उच्चारून पाहणे हा फार उपयोगी सराव आहे. वाक्य तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडते ते मुलासमोर पडू नये.

सुरुवात कशी करावी? चार-पाच वर्षांच्या मुलाला आजाराचे नाव लागत नाही. त्याला खोटे न सांगता थोडे सांगता येते. "तुझ्या रक्तात एक जंतू आहे. गोळी घेतली की तो झोपतो. गोळी चुकली की जागा होतो. म्हणून आपण रोज गोळी घ्यायची." यातले एकही वाक्य पुढे मागे घ्यावे लागत नाही. रक्त कमी आहे, हृदयाला छिद्र आहे ही वाक्ये मात्र मागे घ्यावी लागतात, आणि तेव्हा मुलाच्या मनात येते, आणखी काय काय खोटे सांगितले असेल? इतक्या लहान वयात मुलांना काय कळणार, असे म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिका आठवावी. तिथल्या 'टकलानी सेसमी' या बालवाडीच्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात २००२ मध्ये कामी नावाची बाहुली आली. ती पाच वर्षांची, आई गमावलेली आणि एचआयव्ही असलेली होती. लहान मुलांनी तिला सहज आपलीशी केली. मोठ्यांनाच ते जड गेले.

सहा-सात ते नऊ या वयात कारणे सांगता येतात. नामिबियात या वयासाठी चित्रकथेचे एक पुस्तक तयार झाले. त्यात शरीराचे रक्षण करणारे सैनिक आहेत, त्यांच्यावर हल्ला करणारा शत्रू आहे, आणि शत्रूला झोपवून सैनिकांना बळ देणारे औषध आहे. मूल प्रत्येक भेटीत नर्सबरोबर आणि पालकांबरोबर पुस्तकाचा थोडा भाग वाचते. आधीचे समजले की पुढचे पान, आणि एचआयव्ही हे नाव अगदी शेवटच्या भागात. तिथल्या पाहणीत हे पुस्तक वाचलेल्या मुलांचे गोळ्या घेणे आणि व्हायरल लोड, दोन्ही सुधारल्याचे दिसले. आपल्याकडे हे करायला छापील पुस्तकाची वाट पाहण्याची गरज नाही. वहीच्या पानावर आईने किंवा ताईने काढलेले वेडेवाकडे सैनिकही चालतात. सीडी४ म्हणजे सैनिकांची मोजणी आणि व्हायरल लोड म्हणजे शत्रूची मोजणी, एवढे कळलेले मूल रक्त तपासायला हात पुढे करते आणि रिपोर्टची वाट पाहते.

नाव सांगायचे ते साधारण नऊ ते बारा या दरम्यान. नेमके कधी, हे मुलाच्या प्रश्नांवरून ठरवावे. ते प्रश्न विचारू लागले, गोळी घ्यायला कटकट करू लागले, दवाखान्यातल्या पाट्या वाचू लागले, की वेळ आली असे समजावे. एकाच वर्गातली दोन मुले यात सारखी नसतात, म्हणून वाढदिवसाच्या तारखेवर बोट ठेवू नये.

दिवस निवडताना मात्र काळजी घ्यावी. परीक्षेच्या तोंडावर नको, घरात कुणी नुकतेच गेले असेल तर नको, सणावारी पाहुण्यांच्या गर्दीत नको, आणि गोळी फेकली म्हणून संतापाच्या भरात तर कधीच नको. एआरटी सेंटरच्या बाकावर, तपासणीच्या रांगेतही नको. शनिवारची संध्याकाळ बरी. दुसऱ्या दिवशी सुटी असते आणि मूल डोळ्यांसमोर राहते. सेंटरची पुढची तारीख चार-आठ दिवसांवर असेल तर आणखी चांगले, कारण तोवर साठलेले प्रश्न घेऊन समुपदेशकाकडे जाता येते. आईला एकटीने जमणार नाही असे वाटत असेल, तर आधी वेळ ठरवून समुपदेशकाच्या खोलीत, दार लावून, तिच्या शेजारी बसून सांगावे. मात्र सांगणारे तोंड शक्यतो घरच्या माणसाचे असावे, समुपदेशकाने मदतीला असावे.

सुरुवात मुलाला काय ठाऊक आहे तिथून करावी. "तू रोज गोळी घेतोस, ती कशासाठी असं तुला वाटतं?" मग थांबावे. उत्तर येऊ द्यावे. या एका प्रश्नावर निम्मे काम होते, कारण कित्येकदा मूलच तो शब्द उच्चारते. त्याला माहीत नसेल तर साध्या वाक्यांत सांगावे: "तुझ्या रक्तातल्या त्या जंतूचं नाव एचआयव्ही आहे. तो शरीरातून काढून टाकता येत नाही, पण गोळ्यांनी कायमचा झोपवून ठेवता येतो. तू गोळ्या घेतोस म्हणून तू बरा आहेस." मग गप्प राहावे. घाईने समजूत घालायला लागू नये. पहिल्या दिवशी तासभर भाषण केले तर मुलाला त्यातले काहीच आठवत नाही.

प्रश्न येतात ते ठरलेले असतात, म्हणून उत्तरे आधीच तयार ठेवावीत.

"मी मरणार का?" हा प्रश्न मूल बहुधा वडिलांच्या किंवा काकांच्या आठवणीने विचारते. त्याला खरा इतिहास सांगावा. भारतात सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. सुरुवातीच्या मोजक्या रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. मुलांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो २००६ च्या अखेरीस. त्याआधी किती तरी जण औषधाविना गेले, आणि नंतरही उशिरा पोहोचलेले गेले. आज रोज एक गोळी घेणारी माणसे नोकरी करतात, संसार करतात, म्हातारी होतात. "नाही, गोळ्या घेतल्यास तू मरणार नाहीस, तू मोठा होणार आहेस," हे उत्तर आज वैद्यकाच्या आधाराने देता येते.

"मला कसा झाला?" आई सांगू शकते, "तू पोटात होतास तेव्हा माझ्या रक्तात तो होता. माझ्याकडून तुझ्याकडे आला. तुझी काही चूक नाही, आणि मीही मुद्दाम केलं नाही." तिला त्या वेळी माहीत नसेल तर तेही सांगावे. माहीत होते पण उपचार मिळाले नाहीत, तर तसे सांगावे. पुढचा प्रश्न, "मग तुला कुणाकडून?" इथे वडिलांवर खापर फोडण्याचा मोह आवरावा. गेलेला बाप गुन्हेगार ठरला तर मूल त्याला दुसऱ्यांदा गमावते. "मोठी माणसं आजारी पडतात तेव्हा सगळं त्यांच्या हातात नसतं. तू आणखी मोठा झालास की मी तुला सविस्तर सांगेन," एवढे पुरे. आणि मोठा झाल्यावर खरेच सांगावे.

"कुणाला सांगू नको का?" यावर "सांगितलंस तर बघ" अशी धमकी देऊ नये. धमकीने मुलाच्या मनात बसते की आपल्यात काही तरी लाजिरवाणे आहे. "ही आपल्या घरातली खासगी गोष्ट आहे, आपण बँकेतले पैसे सगळ्यांना सांगत नाही तसं," असे म्हणावे आणि लगेच ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशी माणसे नावानिशी सांगावीत: आई, आजी, समुपदेशक ताई. कुणाशीच न बोलण्याचे ओझे मुलावर टाकू नये.

सांगून झाल्यावरचे दिवस सांगण्याइतकेच महत्त्वाचे. काही मुले "बरं" म्हणून खेळायला जातात. याचा अर्थ त्यांना काही वाटले नाही असा नसतो. दोन-तीन आठवड्यांनी ती रडतात, चिडतात, अंथरुणात लघवी करतात, अभ्यासातून लक्ष काढतात, तेच प्रश्न पुन्हा विचारतात. पुन्हा उत्तर द्यावे, तितक्याच शांतपणे. गोळी थांबवली किंवा "मला जगायचं नाही" असे मूल म्हणाले, तर त्याच दिवशी समुपदेशकाशी बोलावे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

आजी-आजोबा सांभाळत असलेल्या मुलांचा प्रश्न थोडा वेगळा. महाराष्ट्रात अशी घरे पुष्कळ आहेत. मुलगा आणि सून दोघे गमावलेल्या सत्तरीच्या आजीला "एचआयव्ही" हा शब्द उच्चारणेच जमत नाही, कारण तिच्यासाठी तो तिच्या मुलाच्या मरणाचा शब्द आहे. अशा घरात मामा, मावशी किंवा संस्थेतल्या ताईने सांगावे, पण आजी शेजारी बसलेली असावी. तिचा हात पाठीवर असला की मुलाला कळते, घर बदललेले नाही.

किशोरवयीन मुलांशी बोलताना विषय पुढे जातो. बारा-तेरा वर्षांनंतर नुसते नाव पुरत नाही. विषाणू कशाने पसरतो आणि कशाने पसरत नाही, हे स्पष्ट सांगावे: एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एकाच संडासाने नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, रक्त, सुई आणि आईकडून बाळाला, एवढेच मार्ग. मग त्यांच्या मनातले खरे प्रश्न येतात. लग्न होईल का? मुले होतील का? उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, योग्य उपचारांनी तो ५ टक्क्यांच्या खाली येतो. आणि गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली ठेवलेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला हे वाक्य ऐकायला मिळणे म्हणजे काय, हे ते ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिलेल्यांनाच ठाऊक. कंडोमबद्दलही बोलावे, आईला संकोच वाटत असेल तर समुपदेशकाने बोलावे, पण ते बोलणे टाळू नये.

या वयात गोळीची जबाबदारी हळूहळू मुलाकडे द्यावी. वसतिगृह, सहल, दिवाळीत मामाचे घर, इथे गोळी कशी न्यायची, डबी कोणती, मोबाइलचा गजर किती वाजता, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावे. सेंटरमध्ये काही मिनिटे पालकांनी बाहेर थांबावे आणि मुलाला डॉक्टरांशी एकटे बोलू द्यावे.

संसर्ग आईकडून आलेला नसेल आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर वरची सगळी पद्धत बाजूला ठेवावी लागते. तिथे पहिली गरज मुलाच्या सुरक्षिततेची. डॉक्टर, समुपदेशक आणि १०९८ ही बालहेल्पलाइन यांच्या मदतीनेच पुढे जावे.

बाहेर कळले तर काय, या भीतीवर कायद्याचे उत्तर आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. शाळा या कारणावरून प्रवेश नाकारू शकत नाही, मुलाला वेगळे बसवू शकत नाही. संमतीवाचून कुणाचा एचआयव्हीचा निकाल उघड करता येत नाही. शाळेला कळवलेच पाहिजे असे बंधन पालकांवर नाही. या कायद्यातली आणखी एक तरतूद फारशी कुणाला माहीत नसते. आजाराने ग्रासलेले घर सांभाळणारे, समजूतदार असे बारा ते अठरा वर्षांचे भावंड धाकट्याचे पालक म्हणून काही ठरावीक कामांत, जसे शाळाप्रवेश किंवा उपचार, मान्य होऊ शकते. दादाच भावाला दवाखान्यात नेतो अशा घरांसाठी हा मोठा आधार आहे. त्या दादालाही आधी खरे कळलेले असले पाहिजे, हे ओघानेच आले.

तुमच्या घरात असे मूल असेल, तर सेंटरच्या पुढच्या तारखेला गोळ्या घेऊन लगेच परतू नका. समुपदेशकाला सांगा, "मुलाला सांगायचं आहे, मला आधी तुमच्याशी बोलायचं आहे," आणि त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या. सेंटर दूर असेल तर १०९७ हा एचआयव्हीविषयीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक मोफत आहे, तिथे नाव न सांगताही बोलता येते. आणि मूल सात वर्षांचे झाले असेल, तर आज रात्री गोळी देताना निदान रक्त कमी असल्याचे सांगू नका.